नमुने आणल्याबद्दल आभार

शहरातल्या त्या प्रयोगशाळेत सिंधुदुर्गातल्या आम्ही दोघीच. मी धामापूरची, ती कुडाळची. पीएचडीची चार वर्षं एका खोलीत काढली. दोघीच असलो की मालवणीत बोलायचो.

सकाळी कत्तलखान्यातून मेंढ्यांची अंडाशयं थर्मासमधून आणायची आणि बीजाभोवतीच्या पेशी काढून वाढवायच्या, हे आमचं काम. एखाद्या मेंढीला एकच कोकरू होतं, एखादीला दोन-तीन. ते ठरवण्यात या पेशींतल्या काही जनुकांचा हात असतो, आणि त्या जनुकांना आवर घालतात मायक्रोआरएनए. प्रथिन बनवा असा जनुकाचा निरोप निघाला की आरएनएचे हे इवलेसे तुकडे त्याला चिकटतात आणि प्रथिन बनूच देत नाहीत.

असा एक तुकडा आम्हाला सापडला होता. तो वाढवला की एका जनुकाचं प्रथिन घटायचं. पण तो थेट त्याच निरोपावर बसतो कशावरून? मी निरोपातली त्याची बसायची जागाच बदलून पाहिली. परिणाम नाहीसा झाला, म्हणजे तो तिथंच बसत होता. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. तिनं मला मिठी मारली. आमचे मार्गदर्शक सर परदेशात होते. ते आले की दोघी मिळून दाखवू, असं ठरलं.

त्याच आठवड्यात आई विहिरीपाशी घसरली, खुब्याचं हाड मोडलं.

"तू जा गो. आवशीक सांभाळ, पेशी मी बघतंय," ती म्हणाली.

वही तिच्या हातात देऊन मी गावी आले. तीन महिने अडकले. पुढे शोधनिबंध छापून आला, तोही मला दुसऱ्याच कुणाकडून कळला. लेखकांत ती आणि सर. माझा प्रयोग आकृतीसकट आत, आणि मी शेवटी आभारात, नमुने आणून दिल्याबद्दल.

सरांना फोन केला. ते गोंधळले. "तो प्रयोग तिचाच ना? तू काम सोडलंस असं ती म्हणाली."

चतुर्थीला ती घरी आली होती. मी कुडाळ गाठलं.

"माझा नाव खंय आसा गो?"

ती दाराकडे बघत शुद्ध मराठीत म्हणाली, "हे बघ, तू गैरहजर होतीस. काम मला पूर्ण करावं लागलं."

तिचा तो कचेरीतला सूर ऐकून मला रडूच कोसळलं. वही विचारली, तर म्हणे सापडत नाही.

प्रयोगशाळेतल्या यंत्रात मात्र माझ्या नावावर त्या प्रयोगाची सगळी मापं होती. सरांनी ती तपासली, नियतकालिकाला कळवलं, माफीही मागितली. दुरुस्ती छापून आली आणि माझं नाव पहिलं लागलं. मी पीएचडी पूर्ण केली. आता इथंच, गावाजवळच्या कॉलेजात शिकवते.

गेल्या वर्षी तिच्या लग्नाची पत्रिका आली. आई म्हणाली, "नाव गावला मां तुका? मगे जा की."

मी गेले नाही. त्या दिवशी कॉलेजला सुट्टी होती. मी दिवसभर घरीच बसून राहिले.