कोऱ्या कागदावरची सही

त्या रविवारी दुपारी मी घरात कुणाशीही बोलत नव्हते. हातात कोर्टकचेरीची थरारक कादंबरी होती आणि ती चक्क आमच्या विक्रोळीत घडत होती. लेखकाने वकीलबाईला स्टेशनच्या पश्चिमेला उतरवून पाच मिनिटांत खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत पोचवलं, तेव्हा मी मोठ्याने ओरडले, "अगं बाई, पूर्वेला उतर!" पण एवढी चूक माफ. आमच्यासारखीच चाळ, तसाच पुनर्विकासाचा घोळ आणि संमतीच्या खोट्या सह्यांचा खटला. चहा गार झाला तरी मला पत्ता नाही.

वांद्र्याच्या कोर्टात वकीलबाईने साक्षीला आलेल्या म्हातारीला विचारलं, "आजी, सही केलीत तेव्हा कागदावर काय लिहिलं होतं?" म्हातारी म्हणाली, "काहीच नव्हतं. कोरा होता."

माझ्या अंगावर काटा आला. आधी वाटलं, वाचण्याच्या मजेचाच. मग आठवलं, सकाळी भाजी निवडता निवडता आई म्हणाली होती, काल चाळीचे सेक्रेटरी काका संमतीच्या सह्या घेऊन गेले.

"आई, त्या कागदावर काय लिहिलं होतं?"

"काय असायचंय? ते मागाहून टाईप करणार आहेत. सगळ्यांनीच दिल्या गो."

माझं डोकंच फिरलं. बाबा गेल्यावर खोली आम्हा दोघींच्या नावावर झाली. त्याशिवाय आमचं दुसरं काही नाही. अशी खोली हातची कशी जाते, तेच मी दोन दिवस चवीने वाचत होते. पुस्तक टाकलं आणि आईला घेऊन खालच्या मजल्यावर काकांकडे निघाले. जिन्यात ती दोनदा म्हणाली, "त्यांनी तुझ्या बाबांना खांदा दिलाय, नीट बोल." आमच्याकडे हे असंच. खांदा दिलेल्या माणसाला आधी कागद दाखवा म्हणायचं नसतं.

"काका, आमचे कागद परत हवेत. मजकूर लिहून आणा, वाचून सही करू."

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी फाईल काढली. कोऱ्या कागदांचा गठ्ठा, प्रत्येकाच्या तळाशी सही. खरंच सगळ्यांनी दिल्या होत्या. त्यांनी दोन कागद वेगळे केले. एकावर आईची सही होती आणि दुसऱ्यावर माझी.

शनिवारी मी दिवसभर लॅबमध्ये कामावर होते. माझ्या नावाची अक्षरं दाबून, एकेक सुटी काढलेली. असं फक्त आई लिहिते. कादंबरीतला खोटी सही करणारा अजून सापडला नव्हता. माझ्या घरातली माझ्या शेजारीच पदराचं टोक चुरगळत उभी होती.

"ही तुझीच ना?" काकांचा आवाज बदलला. "वहिनी म्हणाल्या, तू करून ठेवली होतीस."

नाही म्हटलं तर संध्याकाळपर्यंत चाळभर झालं असतं की आईने लेकीची खोटी सही केली. हो म्हटलं तर दिलेला शब्द फिरवणारी मी. वकीलबाईचा एकही मुद्दा आठवेना.

"माझीच आहे," मी म्हटलं. "तरी परत द्या."

त्यांनी कागद माझ्या हातात न देता टेबलावर ठेवले आणि पाठ फिरवली.

जिना चढताना आई दोन पायऱ्या मागे राहिली. मग हळूच म्हणाली, "तुझी सही किती अवघड गो. चार वेळा गिरवली, तेव्हा जमली."

मला तिचा भयंकर राग आला होता. पण ती खोटं बोलली हे काकांना आयुष्यभर कळू नये, एवढंच मनात येत होतं.