पूर्वेचा बांध

माझ्याकडे एक रबरी शिक्का आहे. गोल, निळ्या शाईचा, वर सोसायटीचं नाव आणि खाली ‘सेक्रेटरी’. तो हातात आल्यापासून माझी चाल बदलली असं बायको म्हणते. पद मी मागितलं नव्हतं. निवडीच्या सभेला सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते आणि मी एकटा मान वर करून बसलो होतो, एवढाच माझा गुन्हा. पण शिक्का मिळाल्यावर मी तो आवडीने मारू लागलो हेही खरं.

शेलूला आमची सोसायटी उभी आहे तिथे पूर्वी भातखाचरं होती. कोणतं खाचर कोणाचं हे मला तोंडपाठ आहे, कारण त्यांच्या मधोमध आमचं खाचर होतं. अजूनही आहे. आजूबाजूच्या चौघांनी जमिनी दिल्या, बाबांनी दिली नाही. त्यामुळे पूर्वेला आमचा बांध संपतो तिथे सोसायटीची भिंत लागते आणि भिंतीपलीकडे बी विंग. तिच्या तिसऱ्या मजल्यावर माझा फ्लॅट. बायकोला स्टेशन जवळ हवं होतं आणि मला, खरं सांगायचं तर, लिफ्ट हवी होती. आईबाबा खाचराच्या उत्तरेला, गावातल्या घरात राहतात, रस्त्याने वळसा घेऊन चालत सात मिनिटांवर. माझ्या गॅलरीतून बाबांचं खाचर ताटात वाढल्यासारखं दिसतं.

सोसायटीतली माणसं कल्याण, डोंबिवली, घाटकोपर अशी कुठून कुठून आलेली. फ्लॅट विकताना पाटी लावली होती, ‘निसर्गाच्या कुशीत राहा’. पण कुशीत घेतलेलं पोर रडतं, हे कोणी सांगितलं नव्हतं. पावसाळ्यात बेडूक ओरडतात म्हणून तक्रार, पहाटे कोंबडा आरवतो म्हणून तक्रार, शेणाचा वास येतो म्हणून तर माझ्याकडे लेखी तक्रार. गावाचंही तोंड गप्प नव्हतं. टावरवाल्यांच्या गाड्यांनी बैलगाडीची वाट अडते, टावरवाले भिंतीवरून कचरा फेकतात, टावरवाल्यांच्या बोअरने विहीर आटली. सोसायटीत बसलो की मी ‘हे गाववाले ना’ याला मान डोलवायचो आणि गावात गेलो की ‘हे टावरवाले ना’ याला. मान माझी तशी लवचिक आहे.

भिंतीला लागून शेती करणारा तो म्हातारा माझा बाप आहे, हे मी सोसायटीत कोणाला सांगितलं नव्हतं. लपवलं असंही नाही. कोणी विचारलं नाही, असं मी स्वतःला समजावत होतो.

सगळं पेटलं ते राबावरून. आमच्या कर्जत-खालापूर भागात भाताचं रोप करायच्या जागी चैत्र-वैशाखात राब भाजतात. शेण, पालापाचोळा, झाडाचे टाहाळ म्हणजे तोडलेल्या फांद्या, गवत असे थर घालायचे, वर माती भुरभुरवायची आणि आग लावायची. तण जळतं, माती भाजते, राखेत रोप जोमाने येतं. माझ्या आजोबांच्या आजोबांनीही हेच केलं असणार. पण बी विंगमध्ये वाळत घातलेल्या चादरींना हा इतिहास ठाऊक नव्हता.

गेल्याच्या गेल्या वर्षी बाबांनी राब लावला तेव्हा दक्षिणेकडून काळाकुट्ट धूर भिंतीवर चढला आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हाहाकार उडाला. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकेला दमा आहे. त्यांनी खोकत खोकत बंब बोलावला. बंबाचा ड्रायव्हर निघाला खालापूरकडचा, शेतकऱ्याचाच मुलगा. राब बघून तो हसला, माझ्या आईच्या हातचं ताक प्यायला आणि परत गेला. त्या सगळ्या वेळात मी काय करत होतो? घरातल्या खिडक्या लावत होतो.

गेल्या वर्षी फाल्गुनातच कमिटीने ठरवलं, आधीच नोटीस द्यायची. ‘आमचे पश्चिमेस लागून असलेल्या आपल्या शेतात ज्वलनप्रक्रिया करू नये, अन्यथा पुढील कारवाई’ वगैरे. मजकूर चेअरमनचा, सही सेक्रेटरीची. मी शिक्का मारला आणि वॉचमनबरोबर नोटीस पाठवून दिली. स्वतः जायची हिंमत नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

रविवारी घरी गेलो तर बाबा ओटीवर चष्मा लावून नोटीस वाचत होते. बहुधा दहाव्यांदा.

“सही झ्याक हाय तुजी,” ते म्हणाले. “शालंत येवडी चांगली नव्हती.”

आतून आई म्हणाली, “बापाला महोदय लिवलंस. मला काय म्हननार, महोदया?”

ते चिडले असते तर बरं झालं असतं. मी भांडायची तयारी करून गेलो होतो. कायदा, प्रदूषण, काळ बदलतो, सगळं तोंडात घोळवत होतो. बाबांनी नोटिशीची नीट घडी केली.

“यंदा राब नाय,” ते म्हणाले.

“का?”

“शेजाऱ्याला नको तर कसा लावायचा? राब एकट्यानं लावत नायत रं.”

मग त्यांनी जे सांगितलं ते मला लहानपणापासून दिसत होतं आणि तरी कळलं नव्हतं. राब लावायच्या दिवशी चारी बांधांच्या शेजाऱ्यांना आवतण जायचं. नारळ घेऊन. ते ओले डहाळे घेऊन आपापल्या बांधावर उभे राहायचे आणि आग सरकली की झोडपून मागे रेटायचे. ज्याचं शेत तो आग लावणार, ज्याचा बांध तो ती अडवणार. शेजारी एकेक करून जमिनी देऊन गेले तसे बांध ओस पडले. गेल्याच्या गेल्या वर्षी चारी बांधांवर मिळून दोनच माणसं होती, आई आणि बाबा. बाबांचे गुडघे दुखत होते, त्यांना दक्षिणेला पोचायला उशीर झाला. आग कडेच्या गवतातून भिंतीखाली गेली आणि वरून पडलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या पेटल्या. काळा धूर होता तो त्याचा.

मी वर खिडक्या लावत होतो तेव्हा माझी सत्तरीची आई खाली डहाळ्याने आग झोडपत होती. मला माझीच लाज वाटली. मी तसं म्हणालोही. आई म्हणाली, “ऱ्हाऊ दे, चा घे.”

पण राब नाही म्हणजे काय, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. राब नाही तर रोप नाही. घरच्या कणगीत आजोबांच्या वेळेपासून चालत आलेलं भाताचं बियाणं आहे, ते दरसाल पेरावं लागतं, जुनं झालं की उगवत नाही. आणि खाचर एकदा पडीक राहिलं की विचारणारे येतात. खालापुरात मामाचं असंच झालं. एक साल पडीक, दुसऱ्या साली कुंपण. आता मामा दुकानातून पिशवीतला तांदूळ आणतो आणि जेवताना दरवेळी म्हणतो, चव नाही. सोसायटीत मात्र बातमी पोचताच चेअरमन खूश झाले. सुंठीवाचून खोकला गेला म्हणाले.

पुढच्या रविवारी सकाळी पार्किंगमध्ये आमची सभा होती. मी टेबलाशी शिक्का घेऊन बसलो होतो. पाण्याच्या टाकीवर वाद रंगात आला होता, तेवढ्यात गेटवर काहीतरी बाचाबाची ऐकू आली. बघतो तर बाबा. धुतलेला सदरा, टोपी, हातात नारळ. वॉचमन वही पुढे करून विचारत होता, कुणाकडे जायचंय?

“पूर्वेच्या बांधाकडं,” बाबा म्हणाले.

“फ्लॅट नंबर सांगा.”

“नंबर काय म्हाईत. बी विंग. सगलीच.”

ते सरळ सभेत आले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. नारळ टेबलावर, माझ्या शिक्क्याच्या शेजारी ठेवला आणि सगळ्यांना नमस्कार केला.

“मी खालचा, धूर करनारा,” ते म्हणाले. “तुमचा कागद आला. त्यात लिवलंय, आमचे पश्चिमेस लागून. म्हंजे पूर्वेचा बांध तुमचा झाला. मला हे आदी कलाया पायजे व्हतं. पयले ज्यांचा व्हता त्यांना मी दरसाल आवतण द्यायचो. तुमाला दिलंच नाय. चूक माजी हाय.”

कोणाला काही समजेना. नोटिशीला माफीनामा येईल, कोर्टाचा कागद येईल, एवढं कमिटीने गृहीत धरलं होतं. आवतणाचं कलम कुठल्याच नियमात नव्हतं. बाबांनी मग शांतपणे समजावलं. रविवारी सकाळी, वारा पडलेला असतो तेव्हा, दीड तासाचं काम. त्या वेळात कपडे आत घ्यायचे, खिडक्या लावायच्या. घरटी एक माणूस डहाळा घेऊन बांधावर. ज्यांना दम लागतो त्यांनी आमच्या ओटीवर येऊन बसायचं, तिकडे धूर येत नाही.

“पण त्या धुराला घाण वास येतो,” शिक्षिकाबाई म्हणाल्या.

“धूर माजा, वास तुमचा,” बाबा म्हणाले. “पिशव्या तुमी टाकता.”

चेअरमननी माझ्याकडे वळून विचारलं, “सेक्रेटरी, आपलं काय म्हणणं?”

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण मला त्या वेळी दोन्हीकडे फक्त बाबांची टोपी दिसत होती.

“हे माझे वडील आहेत,” मी म्हणालो.

शिक्षिकाबाईंनी चष्म्यावरून मला न्याहाळलं. “मग त्यांना नोटीस कोणी दिली?”

“मी.”

आधी त्याच हसल्या. हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली, कोणीतरी पाणी दिलं, आणि तोवर सगळी सभाच हसायला लागली होती. बाबा तेवढे गंभीर. ठराव वगैरे काही झाला नाही. बाईंनी नारळ उचलून पिशवीत टाकला, म्हणजे आवतण स्वीकारलं, असं बाबांनी मला नंतर समजावून सांगितलं.

राबाच्या आदल्या दिवशी पोराबाळांसकट सगळ्यांनी भिंतीखालच्या पिशव्या वेचल्या. सात गोणी निघाल्या. त्यात ए विंगचाही माल होता असं बी विंगचं अजून म्हणणं आहे.

राबाच्या सकाळी जो तो सापडेल ते घेऊन आला. चेअरमननी सोसायटीच्याच अशोकाच्या फांद्या तोडल्या होत्या, ज्या तोडू नयेत असा बोर्ड त्यांनीच लावला होता. एकाने लिफ्टजवळचं आग विझवायचं लाल नळकांडं आणलं. एक नवरा-बायको बॅडमिंटनच्या रॅकेट घेऊन आले. आई त्यांना म्हणाली, “जाली हाय, हवा जाईल,” आणि तिने त्यांना करंजाचे डहाळे दिले.

मी सवयीने बाबांजवळ जाऊन उभा राहिलो, काडीपेटी धरायला. बाबा म्हणाले, “तू हितं कशाला? तू तिसरा मजला. पूर्वेला जा.”

ते चेष्टेत म्हणाले नव्हते. मी गेलो. चेअरमन आणि रॅकेटवाल्यांच्या मध्ये माझी जागा होती. वाऱ्याच्या उलट बाजूने बाबांनी आग लावली, म्हणजे ती धावत नाही, रांगत येते. अर्ध्या वाटेत वारा फिरला आणि एक जीभ सरळ आमच्याकडे आली. मग आम्ही जे झोडपलं ते विचारू नका. राख तोंडात, डोळ्यांत पाणी, चेअरमन ‘इकडे, इकडे’ करत नाचतायत, आणि ओटीवरून शिक्षिकाबाई वर्गात ओरडावं तशा ओरडतायत, “तिसरा मजला, लक्ष कुठे आहे?” आग बांधाशी येऊन विझली. भिंतीला धगसुद्धा लागली नाही. धूर आला, पांढरा, पातळ, अर्ध्या तासात गेला. नंतर आईने सगळ्यांना ताक आणि कैरीच्या फोडी दिल्या. काळी तोंडं घेऊन सगळे आमच्या अंगणात इतके खिदळत होते की गावातली माणसं बघायला जमली. मी इतका खूश क्वचितच झालो असेन. आणि आत कुठेतरी एवढंही टोचत होतं की मी त्या अंगणात पाहुणा होतो.

रोप उगवलं तेव्हा बी विंगच्या गॅलऱ्यांतून रोज पाहणी सुरू झाली. पिवळं का पडलं, पाणी जास्त झालं का, असे प्रश्न मला लिफ्टमध्ये विचारले जाऊ लागले. बेडकांबद्दलच्या तक्रारी मात्र चालूच आहेत. बोअरचं भांडणही मिटलेलं नाही, ते मिटायला नुसता नारळ पुरणार नाही.

यंदा चैत्रात मीच नारळ घेऊन घरोघर आवतण देत फिरलो. रविवारी सकाळी बांध भरला. मी माझा डहाळा घेऊन पूर्वेला निघालो तर तिथे माझ्या जागेवर बाबा उभे होते. एका हाताने भिंतीचा आधार, दुसऱ्या हातात करंजाची फांदी. चेअरमन त्यांना सरकून जागा देत होते.

“बाबा, आग कोण लावणार?”

त्यांनी खिशातून काडीपेटी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. माझ्या हातातला डहाळा काढून घेतला.

“लाव रं,” ते म्हणाले. “बांधावर मी हाय.”

मी राबाच्या त्या टोकाला चालत गेलो आणि वारा कुठून येतो ते बघितलं. पहिली काडी विझली. दुसरी लागली.