समुद्राकाठी अण्णांचं शटर

कारखान्यात दोन गोष्टी न बोलावता साठतात, भंगार आणि किस्से. भंगाराचं बरं असतं. अधूनमधून गाडीवाला येतो, वाकलेल्या पट्ट्या न् पत्र्याचे तुकडे काट्यावर टाकून घेऊन जातो. किस्से नेणारा अजून कुणी भेटला नाही!

संभाजीनगरजवळ, शेंद्र्याच्या रस्त्याला आमचं शटरचं वर्कशॉप आहे. मालक अण्णा, वेल्डर-फिटर रफिकभाई आणि मी. माझं काम माप घेणं, कोटेशन देणं आणि अण्णा जे बोलून बसतात ते निस्तरणं. चहाला बसलो की किस्सा कुठूनही सुरू होवो, फिरून फिरून येतो अण्णांच्या व्याह्यांच्या गॅरेजपाशी. तिथं आला की आम्ही तिघंही आपापल्या कपात बघायला लागतो.

* * *

अण्णांचं पक्कं मत होतं, लोखंड फक्त आळशी माणसाचं गंजतं. पुरावा म्हणून मोबाईलमध्ये एक फोटो. वैजापूरला एका गिरणीला त्यांनी अगदी सुरुवातीला बसवलेलं शटर. रंग केव्हाच उडालाय, पण गंजाचा ठिपका नाही.

एकदा एक रिटायर्ड प्रोफेसर आले. चिकित्सक माणूस. त्यांनी विचारलं, "पण पावसाळ्यात हवेत ओलावा असतो, त्याचं काय?"

अण्णा म्हणाले, "सर, आपल्या हवेत पाणी असतं, तर नळाला आलं नसतं व्हय?"

सरांनी तिथंच ऑर्डर दिली. जाताना अण्णांनी गॅरंटीही दिली, "गंजलं तर मला फोन करू नका. सरळ चौकात उभं राहून माझ्या नावानं बोंब मारा!"

खरं सांगायचं तर आम्हालाही ते पटलेलं होतं. कोरड्या हवेत वाढलेल्या माणसाला वाटतं, हवा सगळीकडे अशीच असणार.

* * *

अण्णांची एकुलती एक लेक सुषमा. जावई शेंद्र्याच्या एका कंपनीत होते, पण मूळचे दापोलीच्या पुढचे, पार समुद्रकाठचे. लग्न ठरलं तेव्हा त्यांचे वडील, म्हणजे नाना, गावी नवं घर बांधत होते. मुलगा-सून तिथंच राहून पर्यटकांच्या खोल्या चालवणार, असा बेत होता.

बैठकीत नाना म्हणाले, "आम्हाला मुलगी द्या आणि नारळ द्या. बाकी काही नको."

अण्णांची झोप उडाली! "काहीच नको म्हंजे? लोक म्हनतील, शटरवाल्यानं लेक रिकाम्या हातानं धाडली."

त्यांनी फोन लावला आणि जाहीर केलं, नव्या घराच्या गॅरेजचा दरवाजा माझ्याकडून. नाना पलीकडून हळूच म्हणाले, "अण्णासाहेब, इकडे हवा खारी हो. आमच्यात लाकडी फळ्यांचं दार लावतात."

फोन ठेवून अण्णा कौतुकानं म्हणाले, "लई भिडस्त मानूस आहे. परवडंल का नाय म्हून माझीच काळजी करतोय!"

आणि लोखंडाची ऑर्डर सुटली.

* * *

बसवायला आम्ही तिघं पिकअप घेऊन गेलो. अण्णांच्या घराण्यात रीत आहे, लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या सासरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. म्हणून अण्णांनी घरून पाण्याचे कॅन भरून घेतले. ज्या शहरात नळाची वाट बघता बघता माणसं म्हातारी होतात, तिथून कोकणात पाणी नेणारा जगातला हा पहिलाच माणूस असेल!

शटर बसलं. रंग आमचा नेहमीचाच, एक हात. वर रस्त्याच्या बाजूनं, पार वळणावरून दिसेल एवढ्या अक्षरांत अण्णांचं नाव, फोन नंबर आणि खाली 'आमचं काम, आमची जबान'. ती अक्षरं मी काढली. मला त्यांचा भारी अभिमान होता.

मग अण्णांनी खिशातून पुडी काढली आणि शटरवरून मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढली.

नाना बाजूला उभे होते. समुद्राकडे बघत म्हणाले, "मोहरी ठीक आहे. मिठाची इथं तशी गरज नव्हती."

आम्ही खो खो हसलो. नाना हसले नव्हते, हे नंतर लक्षात आलं.

* * *

पहिला पावसाळा गेला. अण्णा रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावायचे. "सुषमा, दरवाजा कसा आहे?"

"छान आहे अण्णा."

"दाखव की मंग."

सुषमा नारळाची झाडं दाखवायची, मांजर दाखवायची, सासूबाईंनी वाळत घातलेली आमसुलं दाखवायची. दरवाजा काही दिसायचा नाही. अण्णा म्हणायचे, "पोरगी लई रमली."

एके दिवशी फोन सासूबाईंच्या हातात होता. त्या बोलत बोलत अंगणात आल्या आणि त्यांच्या मागं शटर दिसलं. वरपासून खालपर्यंत तपकिरी. अण्णांनी चष्मा पुसला आणि खूश होऊन विचारलं, "विहीणबाई, नवा कलर दिला काय? चॉकलेटी?"

पलीकडून सुषमाचा आवाज आला, "अण्णा, रेंज जातीय," आणि फोन बंद झाला.

रफिकभाई माझ्याकडं बघेना, मी त्याच्याकडं बघेना. अण्णांनी काळ्या पडलेल्या मोबाईलवरून परत एकदा चष्म्याचं फडकं फिरवलं. आपल्यापायी पोरगी इतके दिवस दरवाजा लपवत होती, याची मला फार लाज वाटली.

* * *

जावयांनी दुसऱ्या दिवशी अदबीनं सांगितलं, इकडे ॲल्युमिनियम टिकतं, स्क्रूसुद्धा स्टेनलेस स्टीलचे लागतात. अण्णांनी जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याचा माल मागवला. पुण्याहून आला. पांढऱ्या फोममध्ये गुंडाळलेला, चांगला लांबलचक.

गल्लीतल्या शटरवाल्यांना कळू नये म्हणून अण्णांनी वरून आणखी पांढरी चादर टाकली, गच्च बांधली. प्रवासाला निघायचं म्हणून सवयीप्रमाणे गाडीला झेंडूचा हार घातला. तो वाऱ्यानं काचेवर येऊ नये म्हणून रफिकभाईनं उचलून मागं चादरीवर ठेवला.

पिकअप गल्लीतून निघाली तशी चहावाला हात जोडून उभा राहिला. पंक्चरवाल्यानं डोक्यावरची टोपी काढली. समोरचा शटरवाला तर धावतच आला, "अण्णा, कोन गेलं हो?"

अण्णा काच वर घेत म्हणाले, "मीच!"

* * *

आता शेवटचा. हा आम्ही गिऱ्हाइकांना सांगत नाही.

पोचलो तेव्हा नानांची गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. शटर कमरेएवढं वर जाऊन कायमचं अडकलेलं. नाना आत हत्यारं ठेवायचे, ती काढायला रोज त्या फटीतून वाकून जायचे.

"तुम्हाला लई तरास झाला," अण्णा म्हणाले.

"छे हो," नाना म्हणाले. "वाकायची सवय बरी असते. पाठ मोकळी राहते."

रफिकभाईनं एका पट्टीवर बोट टेकवलं, तर बोट आरपार! त्याच्या तोंडून गेलंच, "अण्णा, ये तो पापड हो गया!"

पण अण्णांचं तिकडं लक्ष नव्हतं. ते वर बघत होते. जिथं मी त्यांचं नाव काढलं होतं, तिथं आता गडद ऑइलपेंटचा जाड पट्टा, तोही जुना, गंजाचे ओघळ आलेला. नाव गेलं, नंबर गेला, जबान पण गेली. गंजानं नाही, कुणीतरी ब्रशनं घालवलेली.

"माझं नाव खोडलं," अण्णा माझ्या कानात म्हणाले. "लेकीला काय काय ऐकून घ्यावं लागलं आसंल रे हितं."

सुषमा तांब्या घेऊन आली. अण्णा तिच्याकडं न बघताच म्हणाले, "आपला कॅन आहे." ती तशीच परत गेली. विहीणबाईंचा चेहरा पडला. मग अण्णा नुसते नट खोलत राहिले. नट कसले, हातात भुगाच यायचा.

शटर खाली उतरवत होतो तेवढ्यात रस्त्यावरून शेजारचे एक गृहस्थ आले. सायकल टेकवून तमाशा बघत राहिले. मग अण्णांना म्हणाले, "बरं झालं तुम्ही कारागीर माणसं आलात. आमच्या नानांना अख्खा गाव सांगत होता, अहो, दरवाजे घरी स्वतः करायच्या भानगडीत पडू नका! पण ऐकतील तर शपथ."

अण्णांचा पाना थांबला. त्यांनी एकदा त्या ऑइलपेंटच्या पट्ट्याकडं बघितलं, एकदा नानांकडं.

नाना घाईघाईनं हसले. "हौस हो, हौस. म्हातारपणी माणसाला काहीतरी करावंसं वाटतं."

"चांगलीच हौस भागली! अजून सगळे चेष्टा करतात तुमची."

"करू देत," नाना म्हणाले आणि उगाच एक पट्टी उचलून बाजूला ठेवायला लागले.

अण्णा स्टुलावरून खाली उतरले. "पाव्हणं," ते म्हणाले, "ह्यो दरवाजा ह्यांनी नाय केला. म्या केला. माझं वर्कशॉप आहे, संभाजीनगरला."

गृहस्थांनी अण्णांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. खिशातून मोबाईल काढला. "नंबर द्या बरं तुमचा."

"कशाला?"

"सेव्ह करून ठेवतो. चुकून कधी तुम्हाला फोन लागायला नको!"

नानांनी मान खाली घातली, चूक त्यांचीच असल्यासारखी, आणि ते ओटीवर जाऊन टेकले.

अण्णांनी एकेक आकडा सावकाश सांगून नंबर दिला. मग पँटला हात पुसले, चपला अंगणात काढल्या, ओटीवर चढले आणि नानांच्या शेजारी जाऊन बसले.

"सुषमा," त्यांनी आत हाक मारली, "पानी आन गं बाई. तांब्याच आन."