रिकाम्या सीटांची बस

आमच्या वस्तीला सिटी बस मिळाली ती भांडून मिळाली, आणि मिळाल्यावर तिच्यात बसायला कुणी तयार होईना. असं का झालं हे तेव्हा मला कळलं नाही, नंतर थोडं कळलं, आणि आज कुणी नीट समजावून सांग म्हटलं तर पुन्हा माझा गोंधळ उडतो. तरी सांगते.

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या अंगाला, जकात नाक्याच्या पलीकडे आमची वस्ती होती. बहुतेक घरं मैंदर्गीकडून आलेली. पुरुष मिलमध्ये, बायका घरी विड्या वळायच्या. घरात कन्नड, रस्त्यावर मराठी आणि भांडताना तोंडाला येईल ते. गाव सोडताना माणसं भांडीकुंडी घेतात, आमच्या लोकांनी नातीही गाठोड्यात बांधून आणली होती. गल्लीतला प्रत्येक म्हातारा कुणाचा तरी चुलत सासरा नाहीतर मावस सासरा निघायचाच. माझे वडील, ज्यांना सगळी गल्ली आप्पा म्हणायची, वयानं सगळ्यांत मोठे. म्हणजे झाडून साऱ्या सुनांचे सासरे.

बस हवी होती ती खरं तर माझ्या वहिनीसाठी. वळलेल्या विड्यांची टोपली घेऊन ती रोज शहरातल्या कारखान्यात जायची. ज्या बाईच्या नावावर काम, तिनंच माल घेऊन तपासणाऱ्यासमोर उभं राहायचं, असा त्या कारखान्याचा रिवाज होता. दुसरं कुणी टोपली नेली तर घेत नसत. वस्तीपासून नाक्यापर्यंत पायीच, दुष्काळात खडी फोडून केलेला तो रस्ता, ना झाड ना आडोसा, नाक्याजवळ एक चिंच तेवढी. आदल्या वर्षी वहिनी त्या चिंचेखाली पोट धरून बसली, आणि तिचं मूल जगात यायच्या आत गेलं. त्यानंतरच आप्पांच्या डोक्यात बस शिरली. ते तसं कधी म्हणाले नाहीत, वस्तीची सोय म्हणायचे. पण मी काही दुधखुळी नव्हते.

सिटी बस नाक्यापर्यंत यायची आणि तिथून वळून परत जायची. आप्पा मिलमधून निवृत्त झालेले, दिवसा शहरात चुलतभावाच्या किराणा दुकानात बसायचे. त्यांनी म्हाताऱ्यांना गोळा करून अर्ज केला, मग आणखी एक केला. कुणी तरी पुढारी जीपमधून येऊन रस्ता रुंद करून देतो म्हणाले. "येत्या काळात दारादारात स्कूटर असेल, मोटारी असतील, बस कशाला मागताय?" असंही म्हणाले.

आप्पांनी हात जोडले. "स्कूटर लई चांगली की सायेब. पर टोपली कुटं ठिवायची, आन चालवायची कुनी? माझ्या घरातल्या बायकांनी?"

लोक हसले, पुढारीही हसले, जीप धूळ उडवत गेली. मग आप्पांनी वेगळाच मार्ग काढला. एका सकाळी सगळे पुरुष शहरातून बसमध्ये बसून आले आणि नाक्यावर उतरेचनात. कंडक्टर म्हणाला, शेवटचा थांबा आला. आप्पा म्हणाले, "आमचं घर न्हाय आलं अजून." दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. पुरुष आत सीटवर ठाण मांडून, आणि बायका टोपल्या कडेवर घेऊन खाली रस्त्यात उभ्या. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. कुणालाच वाटलं नाही.

शेवटी बसखात्याचे एक साहेब आले. भला माणूस. महिनाभर बस वस्तीपर्यंत आणून बघू, माणसं बसली तर कायम करू, असा शब्द देऊन गेले. पहिल्या दिवशी बसला झेंडूचा हार, विभूतीचे पट्टे, नारळ, कापूर. ड्रायव्हरच्या मागची पहिली सीट आप्पांची असं सगळ्यांनी एकमुखानं ठरवलं. आप्पा नको नको म्हणत बसले आणि मग इतके ताठ बसले की मला हसू आवरेना. तोवर वहिनीला पुन्हा दिवस गेले होते. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी बजावलं होतं, फार चालायचं नाही आणि फार वेळ उभं राहायचं नाही. बस अगदी वेळेवर आली म्हणून मी मनातून नाचत होते.

बस सुटली आणि मी मागे बघितलं. सगळ्या सीटा रिकाम्या आणि सगळ्या बायका उभ्या! डोक्यावरून पदर, एका हातात टोपली, दुसऱ्या हातात वरची दांडी, हिंदकळत उभ्या. सीटवर आम्ही कोण? आप्पा, दोनचार म्हातारे आणि मी. मी लेक, मला बसायला मोकळीक. वहिनी सहाव्या महिन्याचं पोट घेऊन माझ्या शेजारी उभी.

"बसा की ओ बाई," कंडक्टर ओरडला. "पैसे दिलेत ना?"

कुणी बसेना. सासरा समोर असताना सून बसत नाही, मग तो अंगणातल्या बाजेवर असो की बसच्या पहिल्या सीटवर. आणि आमच्या बसमध्ये एक तरी सासरा असायचाच. नाक्यावर बस अडवली त्या दिवसांत बायका खाली का उभ्या होत्या, ते आता माझ्या लक्षात आलं, पण आता लक्षात येऊन उपयोग काय?

मी वहिनीला दबक्या आवाजात म्हणाले, "खाली बस. ते मागं बघतसुद्धा नाहीत."

"बघत न्हाईत, म्हनून तर वन्सं," ती म्हणाली. "बघितलं असतं तर बस म्हनाले असते का, ते तरी कळलं असतं. आता मी माझ्या मनानं कशी बसू?"



घरी येऊन मी अव्वापाशी, म्हणजे माझ्या आईपाशी आदळआपट केली. आप्पांना सांग, म्हटलं. अव्वा उलट माझ्यावरच उखडली. "काय सांगू? सुनंला कितवा म्हैना लागलाय ते सासऱ्याच्या कानावर घालू? लाज हाय का तुला?" आमच्या घरात आप्पा वहिनीशी थेट बोलत नसत. पाणी हवं असलं तरी भिंतीकडे बघून "पाणी" म्हणायचे. ती गरोदर आहे हे त्यांना माहीत होतं, त्यासाठीच तर बस आणली, पण रिवाजानं ते त्यांना माहीत नव्हतं. आता माहीत नसलेल्या गोष्टीबद्दल माणसाशी बोलायचं कसं? मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकत होते. ते तिथंच कॉलेजात राहिलं.

मधल्या काळात बसखात्याचे साहेब नाक्यावर उभे राहून बस बघायचे. पहिल्या दिवशी ते खूश झाले, इतकी गर्दी की बायका उभ्या! आत चढून बघतात तर सीटा मोकळ्या. त्यांनी हातरुमालानं एक सीट झटकली. मग खाली वाकून बघितलं. मग कंडक्टरला विचारलं, "ढेकूण आहेत काय?" संध्याकाळी बस डेपोत नेऊन औषध मारलं. दुसऱ्या दिवशी बसला असा वास की म्हातारेही नाक धरून बसले, आणि वस्तीत बातमी पसरली की सीटांना ढेकूण आहेत. मग जे बसत होते त्यांच्यातलेही दोघं उभे राहायला लागले. साहेब वहीत काही लिहायचे, खोडायचे, आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघायचे की मुली, तू तरी सांग. मी काय सांगणार? या माणसाला आमचे सासरे समजावता समजावता महिना संपला असता.

वहिनीचे पाय सुजायला लागले. रात्री ती भिंतीला टेकून पाय लांब करायची आणि मी नाकापर्यंत रागानं भरायची. राग नेमका कुणाचा, हे विचारू नका. आप्पांचा यावा तर त्यांनी तिच्यासाठीच सगळं केलेलं. वहिनीचा यावा तर ती त्यांचा मान राखत होती. मग मी कंडक्टरवर काढायची. बिचारा.

आणि एका सकाळी म्हैस आडवी आली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. वहिनी दांडीला लोंबकळून वाचली, पण टोपली सुटली. विड्यांच्या जुड्या बसभर झाल्या आणि चारपाच घरंगळत थेट पहिल्या सीटखाली, आप्पांच्या चपलांपाशी गेल्या.

आप्पांनी खाली त्या जुड्यांकडे बघितलं. मग वाकून एकेक उचलली, धोतराच्या सोग्यानं पुसली, आणि मान न वळवता हात मागे करून माझ्याकडे दिल्या. शेवटची जुडी देण्याआधी त्यांनी ती पुन्हा एकदा पुसली. मला वाटलं, टोपली सांडली म्हणून रागावले.

दुसऱ्या दिवशी आप्पा बसमध्ये नव्हते. पटका बांधून, हातात छत्री घेऊन, बस यायच्या आधीच चालत निघाले होते.

"काय झालं?" अव्वानं विचारलं होतं.

"काय व्हायचंय? चालल्यावर पचतंय बरं."

आप्पांच्या पचनाविषयी तोवर घरात कधी तक्रार ऐकली नव्हती. गल्लीत तर चर्चेला ऊत आला. कुणी म्हणे कंडक्टरनं अपमान केला, कुणी म्हणे बस बंद होणार हे आप्पांना आतून कळलंय. म्हाताऱ्यांची बैठक बसली आणि ठरलं की आप्पा चालणार तर आपणही चालणार, एकी मोडायची नाही. आप्पांना विचारलं तर ते हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. मग काय, सकाळी पटक्यांची एक रांगच रस्त्यानं निघाली. ज्यांनी बस भांडून आणली ते सगळे पायी!

आणि बसमध्ये बायका बसल्या. प्रथम एक टेकली, मग दुसरी, मग सगळ्या, टोपल्या मांडीवर घेऊन. वहिनी खिडकीपाशी बसली, तिनं पाय पुढं केले आणि डोळे मिटून घेतले. सासरे नाहीत म्हणून बसल्या हे उघड होतं, पण आप्पा चालायला का लागले ते मला अजून कळेना. नाक्यावर साहेब उभे होते. त्यांनी भरलेली बस बघितली, मागून येणारे म्हातारे बघितले आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. बस त्यांनी कायम केली, पण का केली हे त्यांना कधी उमगलं असेल असं मला वाटत नाही.

एक भानगड राहिलीच. बस म्हाताऱ्यांच्या रांगेशेजारून जायला लागली की सगळ्या बायका धडाधड उठून उभ्या राहायच्या, रांग मागं पडली की पुन्हा बसायच्या. कंडक्टरनं हात टेकले. मीही टेकले. वहिनीला आठवा लागला होता, उठताना तिला समोरच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरावी लागायची. पण मग काही दिवसांनी म्हातारे एकेक करून परतले. कुणाचे गुडघे, कुणाला दम. त्यांनी लवकरची बस धरली आणि वहिनीच्या बसला रस्त्यावर एकटे आप्पाच उरले.

त्या दिवशी बस नाक्याजवळ आली आणि ड्रायव्हरनं हॉर्न दिला. वहिनी सीटची पाठ धरून उठायला लागली. मी बाहेर बघितलं. आप्पा चिंचेपाशी होते. हॉर्न ऐकताच ते लगबगीनं रस्ता सोडून चिंचेच्या मागे गेले आणि खोडाला पाठ लावून उभे राहिले. चिंच जुनी असली तरी खोड काही तेवढं रुंद नव्हतं. एका बाजूनं छत्री दिसत होती, दुसऱ्या बाजूनं धोतर.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. शेवटची जुडी पुन्हा का पुसली होती, पचन का बिघडलं होतं, सगळंच.

वहिनीनंही बघितलं. ती तशीच, अर्धी उठलेली, थांबली. मग पदर डोक्यावर नीट ओढून सावकाश खाली बसली. बस चिंचेवरून गेली तेव्हा ती बसलेलीच होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि माझ्याही.

"वन्सं," ती म्हणाली, "मला दिसले म्हनून आप्पास्नी सांगू नका."

संध्याकाळी आप्पा ओसरीवर पाय चेपत बसले होते. मी पाणी दिलं. भिंतीकडे बघत त्यांनी विचारलं, "चिंचंपाशी कुनी दिसलं काय गं तुमास्नी?"

"नाही," मी म्हणाले.

"बरं झालं," म्हणाले, आणि पाणी प्यायले. मी कुणाचं कुणापासून लपवत होते, ते मला त्या क्षणी कळत नव्हतं आणि खरं सांगायचं तर आजही कळत नाही. तोंड उघडून "बस पोरी" म्हणायला एवढं काय जड होतं? पण त्यांच्या जागी मी असते तर रोज एवढं चालले असते का, हेही मला सांगता येत नाही.

पुढं दवाखान्यात माझी पुतणी झाली, धडधाकट, रडून सगळा वॉर्ड डोक्यावर घेणारी. आम्ही तिला त्याच बसनं घरी आणलं. वहिनी पहिल्या सीटवर बसली, मांडीवर बाळ. थांब्यावर आमच्यासोबत आलेल्या आप्पांना कंडक्टरनं हात करून चढायला सांगितलं, तर त्यांनी छत्री हलवून बस पुढं काढायला लावली आणि मागून चालत आले.