शुद्ध पपेन आणि निबर बोकड

आमच्या घरात विज्ञानाचा प्रयोग एकदाच यशस्वी झाला आणि त्यात मटण गेलं.

नव्वदच्या दशकाची अखेर. मी बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. करत होतो. मनवेलपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये या शब्दाचा अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता (मलाही फारसा नव्हता, पण मी तसं दाखवत नसे). शेजारच्या काकू विचारायच्या, "म्हणजे कॉम्प्युटरच ना रे?" मी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं बघायचो.

माझा प्रोजेक्ट होता कच्च्या पपईच्या चिकातून पपेन शुद्ध करण्याचा. पपेन म्हणजे मांस पचवणारं प्रोटीन. भुईगावच्या एका वाडीतून चीक आणला, कॉलेजात यंत्रावर गरगरा फिरवून गाळ काढला, क्षार घालून प्रोटीन खाली बसवलं. आता त्यातला क्षार घालवायला ते पातळ पडद्याच्या नळीत भरून थंड पाण्यात ठेवायचं होतं. कॉलेजच्या फ्रिजवर माझा काडीचा विश्वास नव्हता. म्हणून नळी आमच्या फ्रिजात, श्रीखंडाच्या डब्यात!

"शी! कोंबडीचं आतडं का हे?" आई किंचाळली.

"शुद्ध प्रोटीन आहे, आई."

"मग धुऊन नाही आणायचं?"

"तेच तर चाललंय!"

रविवारी ताईची सोयरीक पक्की करायला मुलाकडची माणसं जेवायला येणार होती. बाबांनी आणलेला बोकड बहुधा बाबांच्या बरोबरीचा असावा. आई म्हणाली, "निबर दिसतंय. कच्च्या पपईची फोड चोळते."

"फोड?" मी तुच्छतेने हसलो. "काय अडाणीपणा! माझ्याकडे शुद्ध माल असताना?"

"किती घालायचं ते?"

शास्त्रज्ञाला असले क्षुद्र प्रश्न विचारायचे नसतात. मी अख्खी नळी ओतली, मटण झाकून ठेवलं आणि दुपारी टोप मंद आचेवर चढवला. (ऊब मिळाली की हे प्रोटीन चेकाळतं, हे परीक्षेत लिहून मी मार्क मिळवले होते.)

पानं मांडली. आईने टोपात डाव घातला. हाडं आली. पुन्हा घातला. पुन्हा हाडंच, घासूनपुसून ठेवल्यासारखी लख्ख! बाकी नुसतं तपकिरी पिठलं.

"मटण कुठाय?" आई कुजबुजली.

"पचलं."

"कुणाला?"

"माझं लग्न मोडलं ना," ताई दात खाऊन म्हणाली, "तर तुलाच या टोपात घालीन!"

वाढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मुलाच्या वडिलांनी नाक मुरडलं. "आमच्याकडे याला मटण म्हणत नाहीत."

तेवढ्यात मुलाच्या बोळक्या आजोबांनी रिकामी वाटी पुढे केली. "गप रे! किती वर्षांनी मटण पोटात गेलं माझ्या. कुणी केलंय?"

आईने क्षणात ताईला पुढे ढकललं. मुलगी पसंत!

सोमवारी मी प्रोजेक्टच्या सरांपुढे छाती काढून उभा राहिलो. "सर, पपेन जबरदस्त चालतं! मटण उरलंच नाही."

"वा! एन्झाइम किती घातलंस?"

"सगळं."

"आणि मटण किती होतं?"

"मोजलं नाही, सर."

सरांनी चष्मा काढला. "मग या प्रयोगातून निष्पन्न काय झालं?"

"ताईचं लग्न, सर."