चिंधीखात्यातल्या दोघी

खोपोलीच्या नदीकाठाचा आराखडा करायचं काम आमच्या कर्जतच्या ऑफिसकडे आलं, तेव्हा मला आनंद झाला तो मुख्यतः जागा घराजवळ असल्याचा. लग्न होऊन मी खोपोलीत आले होते आणि पाताळगंगेच्या काठावरची ती बंद पेपर मिल रोज रिक्षातून बघत होते. नगरपालिकेला तिथे फिरायला रस्ता, बाग, पायऱ्या, पार्किंग असं सगळं हवं होतं. जुन्या इमारतींतलं काय ठेवायचं आणि काय पाडायचं, हे सुचवणं माझ्याकडे होतं.

माझ्या सासूबाई त्या मिलमध्ये कामाला होत्या हे मला ठाऊक होतं, पण त्याबद्दल त्या फारसं बोलत नसत. एका संध्याकाळी मी नकाशा पसरून बसले होते. त्या मेथीची जुडी घेऊन शेजारी बसल्या, चष्मा लावून बराच वेळ बघत राहिल्या आणि नदीला लागून असलेल्या एका लांबट चौकोनावर त्यांनी बोट ठेवलं. मी सांगितलं, तिथे पार्किंग येईल, आत्ता नुसती पडकी शेड आहे.

"ते आमचं चिंधीखातं," त्या म्हणाल्या.

मग त्या सांगत गेल्या. चिंध्यांचे गठ्ठे यायचे, बायका ओळीनं उभ्या राहून त्यातली बटणं आणि हूक कापून काढायच्या, आणि उरलेल्या कापडाचा पुढे कागद व्हायचा. त्यांच्या शेजारी एक बाई उभी राहायची. कर्जतपुढच्या कशेळ्याच्या पलीकडे डोंगरात तिची वाडी होती. नवऱ्याबरोबर कामाला येऊन ती खोपोलीजवळ साजगावात झोपडं बांधून राहिली होती. दुपारी दोघी काठावर बसून जेवायच्या. सासूबाईंची तांदळाची भाकरी ती खायची, तिची नाचणीची सासूबाई. माझा नवरा तान्हा असताना सासूबाई मधल्या सुट्टीत त्याला पाजायला घरी पळायच्या. परत यायला उशीर झाला की त्यांचा गठ्ठा तिनं उपसून ठेवलेला असायचा.

एके सकाळी सगळ्या कामावर गेल्या तर गेटला कुलूप होतं. चार दिवसांत उघडेल असं ज्याला त्याला वाटत होतं, म्हणून कुणी कुणाचा निरोप घेतला नाही. मिल उघडली नाही. साजगावातलं झोपडं मोडून ती वाडीवर निघून गेली, हे सासूबाईंना फार मागून कळलं. तोवर घर होतं, शेत होतं, मुलं होती. कशेळं काही लांब नाही, पण जाणं झालं नाही.

मेथी निवडून झाली होती. देठं गोळा करता करता त्यांनी विचारलं, "सापडंल का गं ती?"

रविवारी सासूबाई, माझा नवरा आणि मी असे तिघं निघालो. त्यांनी पहाटेच उठून तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. गाडीत, कर्जत मागे पडल्यावर त्या म्हणाल्या, की ती नसली तर भाकऱ्या तिच्या नातवंडांना देऊ. कशेळ्यात जीपवाल्यांना विचारलं. मिलमध्ये काम केलेली म्हातारी एकाला माहीत होती, त्यानं वाट सांगितली. शेवटचा चढ पायी होता. सासूबाईंचे गुडघे दुखत होते, तरी त्या आमच्या पुढे होत्या.

अंगणात एक बारीक चणीची बाई वाल वाळत घालत होती. तिनं कपाळावर हात धरून पाहिलं आणि हातातले वाल हळूच खाली ठेवले.

"लय उशीर केलास गं," ती म्हणाली.

"मिल उघडंल म्हणून वाट बघत ऱ्हायले," सासूबाई म्हणाल्या.

दोघी हसल्या आणि हसता हसताच डोळे पुसायला लागल्या. मग तिचं लक्ष माझ्या नवऱ्याकडे गेलं. हाच का तो, असं तिनं विचारलं आणि त्याच्या हनुवटीला हात लावायला गेली. हात पोचेना. चारचौघांत कुणी जवळ घेतलेलं न खपणारा माझा नवरा, दाढीत पांढरे केस आलेला, गुपचूप खाली वाकला.

पुढच्या आठवड्यात ती नातवासोबत खोपोलीला आली. वॉचमननं शेड उघडून दिली. छपराचे बरेच पत्रे गेले होते, त्यातून ऊन आत पडलं होतं. दोघी चालत गेल्या आणि एका खिडकीपाशी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. मी विचारलं, इथं काय व्हावं असं वाटतं? सासूबाई म्हणाल्या, "आमाला दोघींना बसता यील असं कायतरी ठेव."

मी नकाशा पुन्हा काढला. पार्किंग रस्त्याच्या बाजूला नेलं आणि शेड ठेवली: नवं छप्पर, नदीकडची बाजू उघडी, आत दगडी बाकं, तिथून नदीत उतरणाऱ्या पायऱ्या. बैठकीत हरकती आल्या. गाड्या कमी मावतील म्हणून एकदा सगळंच बारगळतंय असं वाटलं. शेवटी भिंती पक्क्या आहेत असा इंजिनिअरचा अहवाल आला आणि शेड व पायऱ्या मंजूर होऊन तयारही झाल्या. बाग अजून कागदावरच आहे.

उद्घाटनाला मी दोघींसाठी पुढच्या खुर्च्या धरून ठेवल्या होत्या. भाषणं सुरू झाली तरी त्या आल्या नाहीत. सकाळी लवकर येऊन, बाकावर बसून, भाकरी खाऊन त्या कधीच परत गेल्याचं वॉचमननं सांगितलं. मी धावतपळत घरी आले. पुढच्या खोलीत पंखा लावून दोघी एकाच चटईवर गाढ झोपल्या होत्या. मी चपला हातात घेतल्या आणि मागच्या दारानं आत गेले.