बारावा हात

शिवणकामाच्या कारखान्यात बावीस वर्षं ती इस्त्रीच्या टेबलावर उभी होती. बोलायला फटकळ, पण कुणाच्या अध्यात ना मध्यात. धाकट्या जावेला तिनंच तिथं काज-बटणाच्या कामाला लावलं होतं.

आग लागली ती भरदुपारी. जिना धुरानं भरला. मागच्या खिडकीला लोखंडी जाळी होती. जड इस्त्रीचे घाव घालून घालून तिनं ती उचकटली, शेजारच्या पत्र्यावर उतरली आणि एकेकीला हाताला धरून बाहेर ओढलं. अकरा जणी निघाल्या. बारावी जाऊ. तिचा हात हातात आला, तोच आतून जाळ उसळला.

हिनं हात सोडला.

तिसऱ्या दिवसापासून लोक तिला देवदूत म्हणायला लागले. वाचलेल्या एकीची सासू दारात येऊन रडली, "पोरीला परत दिलंत, देवदूतच तुम्ही!"

"देवदूताला निदान पंख असतात हो," ती म्हणाली, "मला साधा हात वर करता येत नाही." कोपरापर्यंत पट्ट्या होत्या. दार लावून ती भिंतीला टेकून बसली.

जाऊ गेल्यावरही दीर आणि त्या दोघांची सात वर्षांची मुलगी त्याच घरात राहत. एका सकाळी मुलीनं विचारलं, "काकू, देवदूत म्हणजे काय गं?"

"ज्याला भाजत नाही तो."

"मग तू?"

"मला भाजलं."

दीर खिडकीशी बसून पोरीची पेन्सिल तासत होता. तिला राहवलं नाही.

"भावजी, तिचा हात निसटला नव्हता. मी सोडला."

पेन्सिल तासून तासून बोटाएवढी झाली, तरी त्याचा हात थांबेना. शेवटी म्हणाला, "कशाला सांगितलंत, वहिनी? या सगळ्यात एक तरी गोष्ट चांगली झाली, असं धरून बसलो होतो मी."

महिन्याभरात तो पोरीला घेऊन वेगळा राहायला गेला. नवऱ्यानं थोपवून पाहिलं, तिनं नाही.

ती आता दुसऱ्या कारखान्यात इस्त्री करते. त्या अकरा जणी वाटेत भेटल्या की अजून तोच शब्द वापरतात. ती ऐकून न ऐकल्यासारखं करते.

पोर मात्र सुट्टीच्या दिवशी येते, वेणी घालून घ्यायला. परवा मान खाली घालून म्हणाली, "बाबा म्हणतात, तू घाबरलीस."

"हो."

"खूप?"

"खूप."

पोर उठून गेली नाही. वेणी पुरी होऊ दिली.